संगणक सुरूच होत नाही: ‘फॉरमॅट’ करण्याआधी पेन ड्राइव्हने काय वाचवता येते

पावसाळ्यात वीज जाते, दहा-पंधरा मिनिटांनी परत येते आणि त्यानंतर संगणक सुरू केला की बोधचिन्हाखाली ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ अशी ओळ उमटते. ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहते, पडदा काळा होतो, संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा तीच ओळ समोर येते. हे चक्र तासभर चालू दिले तरी मोडत नाही. एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचे चार संगणक मी गेली काही वर्षे सांभाळतो आणि त्यांतील एखादा तरी दर पावसाळ्यात या चक्रात सापडतोच. नातेवाइकांकडून आणि शेजारच्या शाळेतूनही याच तक्रारीसाठी बोलावणे येते, म्हणून या बिघाडावर मी जे करतो ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

पहिल्यांदा हा प्रकार घडला तेव्हा मी संगणक उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला. तेथे मला ‘फॉरमॅट मारावा लागेल’ एवढेच सांगण्यात आले आणि मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी संगणक नव्यासारखा परत आला, पण ग्रंथालयाच्या सुमारे नऊ हजार पुस्तकांची सूची त्याच्यावर उरली नव्हती. छापील दाखल नोंदवही समोर ठेवून ती सूची पुन्हा टंकित करायला दोन माणसांना सात महिने लागले. ती सूची त्या दिवशी डिस्कवर बहुधा शाबूत होती आणि एका पेन ड्राइव्हच्या साहाय्याने तासाभरात बाहेर काढता आली असती, हे मला पुढे समजले. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत आलो आहे: संगणक सुरू होत नाही याचा अर्थ त्यातील मजकूर गेला असा होत नाही, आणि मजकूर बाहेर काढल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये.

बिघाड नेमका कोठे असतो

डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली, तर कोणती फाइल कोठे आहे याची जी नोंद विंडोज ठेवते ती अर्धवट राहू शकते, किंवा विंडोजच्या स्वतःच्या एखाद्या फाइलचे लेखन अपुरे राहते. पुढच्या वेळी सुरू होताना विंडोजला तीच फाइल लागते, ती नीट वाचता येत नाही आणि सुरुवात फसते. लागोपाठ दोनदा सुरुवात फसली की विंडोज स्वतःहून दुरुस्तीच्या अवस्थेत शिरते, पण दुरुस्तीची साधनेही त्याच डिस्कवर असल्यामुळे पुष्कळदा ती तेथेच अडकते. आपले दस्तऐवज, छायाचित्रे आणि हिशेब मात्र डिस्कच्या दुसऱ्या भागात असतात आणि वीज गेली त्या क्षणी त्यांना बहुधा कोणी हातही लावलेला नसतो.

पेन ड्राइव्हचा उपयोग होतो तो येथे. संगणकाची वीज लावल्यावर सर्वांत आधी विंडोज सुरू होत नाही. मदरबोर्डवरील एक छोटी प्रणाली जागी होते आणि पुढे कोठून सुरू करायचे हे ती ठरवते. तिला डिस्कऐवजी पेन ड्राइव्ह दाखवला, तर त्यावरील प्रणाली मेमरीत उतरते आणि आतली डिस्क बाहेरून जोडलेल्या कपाटासारखी उघडता येते. बहुतेक लोक पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी किंवा गाडीत गाणी लावण्यासाठी वापरतात, पण माझ्या मते त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग हा आहे, आणि त्यासाठी तो बिघाड होण्यापूर्वीच तयार करून ठेवावा लागतो. बंद पडलेल्या संगणकावर तो तयार करता येत नाही.

पेन ड्राइव्ह तयार करणे

३२ जीबीचा एक पेन ड्राइव्ह यासाठी पुरेसा आहे. तो ओळखीच्या कंपनीचा आणि खात्रीच्या दुकानातून घेतलेला असावा. काही शे रुपयांत ‘१ टीबी’ किंवा ‘२ टीबी’ असे लिहिलेले जे पेन ड्राइव्ह मिळतात, त्यांत प्रत्यक्ष जागा फार थोडी असते. आतील नियंत्रक संगणकाला खोटा आकडा सांगतो आणि खरी जागा संपल्यावर नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा कोठेच लिहिला जात नाही. नाव आणि आकार दिसतात, फाइल मात्र उघडत नाही. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या विनामूल्य प्रणालीवर) ‘एफ-थ्री’ ही विनामूल्य साधने पूर्ण जागा भरून पुन्हा वाचून पाहतात आणि खरी जागा किती ते सांगतात. नव्या पेन ड्राइव्हची ही परीक्षा मी न चुकता घेतो, कारण वाचवलेला मजकूर अशा पेन ड्राइव्हवर ठेवणे म्हणजे तो दुसऱ्यांदा गमावणे होय.

त्यावर प्रणाली चढवण्यासाठी ‘रूफस’ आणि ‘व्हेन्टॉय’ हे दोन कार्यक्रम मला सर्वांत भरवशाचे वाटतात आणि दोन्ही विनामूल्य आहेत. रूफस एका वेळी एकच प्रणाली चढवतो. व्हेन्टॉयची रीत निराळी आहे: तो एकदा बसवला की प्रणालींच्या आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली एकाच फाइलमध्ये बांधलेली असते ती) साध्या फाइलप्रमाणे पेन ड्राइव्हवर टाकत जायच्या आणि सुरू करताना त्यांची यादी समोर येते. मी व्हेन्टॉय वापरतो आणि त्यात लिनक्स मिंट (लिनक्सचा एक सोपा प्रकार), विंडोजची स्थापना फाइल आणि मेमरी तपासणारा ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ अशा तीन गोष्टी ठेवतो. उरलेली जागा नेहमीसारखी वापरता येते. दोन्ही कार्यक्रम पेन ड्राइव्हवरील आधीचे सर्व काही पुसून टाकतात, तेव्हा त्यावर काय आहे ते आधी पाहून घ्यावे. विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टच्या आणि मिंटची फाइल मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी.

पेन ड्राइव्ह दिसत नाही तेव्हा

मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू केला एवढ्याने काम होत नाही, सुरू होतानाच निवडीची कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक संगणकांवर ती एफ१२ असते, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि मदरबोर्डवर एफ८, एमएसआयच्या मदरबोर्डवर एफ११ आणि गिगाबाइटच्या मदरबोर्डवर एफ१२. एसरवरही ती एफ१२ आहे, मात्र अनेक एसर लॅपटॉपवर ती बंद असते आणि आधी एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरील त्या छोट्या प्रणालीच्या मांडणीत, जाऊन सुरू करावी लागते. बोधचिन्ह दिसेपर्यंत वाट न पाहता वीज लावल्याबरोबर ती कळ भराभर दाबत राहावे.

यादी आली पण तीत पेन ड्राइव्ह नसला, तर प्रथम तो दुसऱ्या यूएसबी जागी लावावा. डेस्कटॉपवर पुढच्या बाजूला आलेल्या जागा वायरीने जोडलेल्या असतात आणि ती वायर पुष्कळदा सैल असते, म्हणून मागच्या, मदरबोर्डवरच्या जागा वापराव्यात. काही जुन्या संगणकांना निळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी ३च्या जागेवरून सुरू होणे जमत नाही, पण शेजारच्या काळ्या जागेवरून ते सुरळीत सुरू होतात. यूएसबी हब मध्ये आणू नये.

दुसरे कारण पेन ड्राइव्हच्या रचनेत, म्हणजे त्यावर फाइल मांडण्याच्या पद्धतीत, असते. नव्या यूईएफआय पद्धतीचे (जुन्या बायोसची जागा घेतलेल्या प्रणालीचे) संगणक फॅट३२ रचना खात्रीने वाचतात, पण एनटीएफएस रचना वाचतीलच असे नाही. म्हणून काही जण विंडोजच्या फाइल फॅट३२ पेन ड्राइव्हवर हाताने टाकायला जातात आणि तेथे अडतात, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही आणि विंडोजची मुख्य स्थापना फाइल हल्ली त्याहून मोठी असते. ‘जागा शिल्लक असूनही फाइल मोठी आहे असे का म्हणतो’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे. रूफस आणि व्हेन्टॉय यातून आपापल्या परीने वाट काढतात, म्हणून हाताने फाइल टाकण्याचा आग्रह धरू नये.

तिसरे कारण सिक्युअर बूट. स्वाक्षरी नसलेली प्रणाली सुरू होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. मिंट आणि उबुंटू यांच्याकडे आवश्यक ती स्वाक्षरी असते. व्हेन्टॉय मात्र त्या संगणकावर पहिल्यांदा वापरताना निळ्या पडद्यावर परवानगी मागतो. तेथे ‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’ निवडून पेन ड्राइव्हच्या छोट्या भागातील चावीची फाइल दाखवली की संगणक पुन्हा सुरू होतो आणि त्यानंतर अडचण येत नाही. हे न करता बरेच जण बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट सरळ बंद करून टाकतात. माझा याला विरोध आहे, आणि तो तात्त्विक नाही. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूटची मांडणी बदलली की पुढच्या वेळी बिटलॉकर ४८ अंकी पुनर्प्राप्ती चावी मागतो, आणि ती हाताशी नसेल तर आतला मजकूर कोणालाच काढता येत नाही. ही चावी बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन केलेली असते आणि मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती पाहता येते. बायोसमधील कोणतीही मांडणी बदलण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी.

मजकूर बाहेर काढणे

पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू झाल्यावर समोर नेहमीसारखा डेस्कटॉप येतो. त्यावर ‘इन्स्टॉल’ असे चित्र असते, त्याला हात लावू नये. फाइल पाहण्याच्या खिडकीत डावीकडे आतली डिस्क दिसते. ती उघडून ‘यूजर्स’ फोल्डरमधील आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये जावे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चारही फोल्डर तेथे असतात. ‘माझे सगळे डेस्कटॉपवर आहे’ असे सांगणाऱ्यांचा डेस्कटॉपही तेथेच सापडतो, आणि तो पाहून समोरच्या माणसाचा चेहरा कसा खुलतो ते मी अनेकदा पाहिले आहे.

मजकूर उतरवण्यासाठी दुसरा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लागते. ती एक्सफॅट रचनेची असावी, म्हणजे ४ जीबीची अडचण येत नाही. स्वस्त पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग फार कमी असतो. सेकंदाला १० एमबी धरला तरी १०० जीबी उतरवायला पावणेतीन तास लागतात. लिनक्समध्ये आणखी एक सावधगिरी हवी: फाइल उतरल्याची पट्टी पूर्ण झाली तरी मागे लिहिणे चालूच असू शकते. म्हणून ‘इजेक्ट’ करून, तो काढता येईल असा निरोप आल्यावरच पेन ड्राइव्ह काढावा. घाईने काढलेल्या पेन ड्राइव्हवर अर्ध्या फाइल रिकाम्या निघाल्याचे मी एकदा अनुभवले आहे.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक फोल्डर घ्यावाच. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे पुष्कळ मराठी लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखी दिसणारी अक्षरे देणाऱ्या आजच्या पद्धतीत, नाही. ते श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील फॉन्टमध्ये टंकित केलेले आहे. अशा फाइलमध्ये अक्षरे प्रत्यक्षात रोमन सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर फाइल सुखरूप असूनही पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. डिस्क पुसून नवे विंडोज टाकले की असे फॉन्ट निघून जातात आणि आपली फाइलच खराब झाली असे लोकांना वाटते. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ हा पूर्ण फोल्डर मी आधी उतरवून घेतो. इतिवृत्ते, जुने अहवाल, स्मरणिकांचा मजकूर हे सारे त्या एका फोल्डरवर अवलंबून असते. हिशेबाच्या कार्यक्रमांचा मजकूरही बहुधा आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये नसतो. टॅली वापरत असल्यास तिचा ‘डेटा’ फोल्डर शोधून घ्यावा, आणि ग्रंथालयाचा किंवा दवाखान्याचा एखादा खास कार्यक्रम असेल तर त्याचा संपूर्ण फोल्डर उचलावा.

कधी कधी लिनक्स डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतो आणि विंडोज झोपलेल्या अवस्थेत असल्याचे सांगतो. याचे कारण विंडोज ८ पासून आलेली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय. तिच्यामुळे संगणक बंद करताना विंडोजचा काही भाग पूर्ण न मिटता डिस्कवर साठवून ठेवला जातो. यात घाबरण्यासारखे काही नाही, उलट आपल्याला फक्त वाचायचेच आहे. डिस्कवर लिहिण्यासाठी ती साठवण जबरदस्तीने पुसण्याचे जे उपाय सुचवले जातात, ते या टप्प्यावर करू नयेत.

लिनक्सची धास्ती वाटत असेल, तर विंडोजच्या स्थापना फाइलनेही हे काम होते, आणि ही युक्ती फार थोड्यांना माहीत आहे. तिच्यावरून सुरू करून पहिली खिडकी आली की शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबावे, काळी आज्ञा-खिडकी उघडते. तिच्यात नोटपॅड हे नाव इंग्रजीत टंकून एंटर दाबावे आणि नोटपॅडमध्ये फाइल, मग ओपन निवडावे. जी खिडकी येते तिच्यात खाली ‘ऑल फाइल्स’ निवडले की संपूर्ण डिस्क दिसते आणि फोल्डरवर उजवी कळ दाबून तो कॉपी करून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर पेस्ट करता येतो. प्रगतीची पट्टी दिसत नाही आणि खिडकी थिजल्यासारखी वाटते, पण काम चालू असते. ड्राइव्हची अक्षरे येथे नेहमीपेक्षा वेगळी असू शकतात, त्यामुळे सी म्हणजे आपला सी असेलच असे गृहीत धरू नये.

डिस्क स्वतःच मरणपंथाला लागली असेल, तर हे सारे थांबवावे. टकटक असा आवाज येणे, एकेक फोल्डर उघडायला मिनिटे लागणे, उतरवताना वारंवार चूक येणे ही तिची लक्षणे आहेत. मिंटमधील ‘डिस्क्स’ या साधनात तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, पाहता येते. अशा डिस्कवर दुरुस्तीचा कोणताही कार्यक्रम चालवू नये, कारण तो हजारो ठिकाणी वाचतो-लिहितो आणि उरलेसुरले आयुष्यही संपवतो. आधी अत्यंत गरजेचे तेवढेच उचलावे, आणि जमत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ या लिनक्समधील साधनाने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घेऊन पुढचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. आवाज येणारी डिस्क आणि न भरून येणारा मजकूर अशी गाठ पडली, तर वीज बंद करून डिस्क तज्ज्ञाकडे देणे हेच योग्य.

मजकूर हाती आल्यानंतर

आता दुरुस्ती. विंडोजच्या स्थापना फाइलवर ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ असा पर्याय असतो. त्यातून आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग नुकतेच आलेले अपडेट काढून टाकण्याचा पर्याय आणि शेवटी आज्ञा-खिडकीतून डिस्कची तपासणी या क्रमाने जावे. माझ्याकडे वीज गेल्यामुळे झालेले बहुतेक बिघाड डिस्कच्या तपासणीने सुटले आहेत.

ही दुरुस्ती झाल्यावरही आठवड्याभरात तोच प्रकार पुन्हा होत असेल, तर विंडोजला दोष देणे थांबवून मेमरी तपासावी. व्हेन्टॉयच्या यादीतून मेमटेस्ट सुरू करून रात्रभर चालू ठेवावा. एक फेरी पूर्ण व्हायलाच मेमरीच्या आकारानुसार बराच वेळ लागतो. सकाळी लाल रंगात एक जरी चूक दिसली तरी ती मेमरी विश्वासाची नाही. कोकणासारख्या दमट हवेत मेमरीच्या पट्टीचे सोनेरी टोक मळते आणि संपर्क तुटक होतो. वीज पूर्ण काढून, पट्टी बाहेर घेऊन ते टोक साध्या खोडरबराने हलके पुसावे, कण झटकून ती पुन्हा घट्ट बसवावी आणि परत तपासणी करावी. ग्रंथालयातील एका संगणकावर मी दोन वर्षांत तीनदा विंडोज नव्याने टाकले होते आणि दोष अखेर त्या पट्टीत निघाला. मेमटेस्ट आधी चालवला असता तर ते कष्ट वाचले असते.

विंडोज नव्याने टाकणे हा शेवटचा उपाय, आणि त्यातही एक नेहमीची अडचण येते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर स्थापना करताना डिस्क दिसतच नाही आणि ‘डिस्क मेली’ असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात तेथे इंटेलची व्हीएमडी नावाची डिस्क हाताळणारी व्यवस्था चालू असते आणि तिचा ड्रायव्हर (ती चालवणारा छोटा कार्यक्रम) विंडोजच्या स्थापना फाइलमध्ये नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, उलगडून पेन ड्राइव्हच्या मोकळ्या जागेत ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवावा, डिस्क लगेच दिसते. त्याच जागेत वाय-फायचा ड्रायव्हरही ठेवावा. नवे विंडोज टाकल्यावर वाय-फाय चालत नाही आणि वाय-फाय नाही म्हणून ड्रायव्हर घेता येत नाही, हा पेच त्याने सुटतो.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ग्रंथालयांतील, शाळांतील पुष्कळ संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असे संगणक भंगारात काढण्यापूर्वी याच पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहावे. प्रिंटर, मराठी टंकलेखन आणि इंटरनेट ही तीन कामे नीट होत असतील, तर तेच बसवून संगणक आणखी काही वर्षे सहज वापरता येतो. आमच्या वाचनकक्षातील दोन संगणक आता असेच चालतात.

याच पेन ड्राइव्हची आणखी काही कामे

झेरॉक्सच्या दुकानातून परतलेल्या पेन ड्राइव्हवर फाइलऐवजी नुसते शॉर्टकट दिसू लागले, तर मूळ फाइल बहुधा लपवलेल्या असतात, पुसलेल्या नसतात. मिंटमध्ये तो पेन ड्राइव्ह उघडला की विंडोजसाठी लपवलेल्या फाइल सहसा उघड दिसतात आणि विंडोजचा तो विषाणू तेथे चालत नाही. हव्या त्या फाइल उचलून पेन ड्राइव्ह पुसून टाकावा. बचावाचा पेन ड्राइव्ह मात्र प्रिंटसाठी कधीही बाहेर नेऊ नये.

विंडोजमध्ये स्थानिक खाते वापरणाऱ्यांसाठी ‘पासवर्ड रीसेट डिस्क’ ही सोय फार जुनी आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. कंट्रोल पॅनेलमधील वापरकर्ता खात्यांच्या पानावरून ती तयार केली की पेन ड्राइव्हवर एक लहानशी फाइल बनते. नंतर पासवर्ड कितीदाही बदलला तरी ती चालते, आणि पासवर्ड विसरल्यास प्रवेशाच्या पडद्यावर तीच दाखवायची. मायक्रोसॉफ्ट खात्याला ती लागू होत नाही. ज्याच्या हाती ती पडेल त्याला संगणकात शिरता येते, म्हणून ती कुलपातच ठेवावी.

काम झाल्यावर तोच पेन ड्राइव्ह पुन्हा साधा करायचा असतो, आणि येथे लोक हमखास घाबरतात, कारण ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज कधी ३२ एमबीचा, कधी त्याहूनही लहान भाग दाखवते. पेन ड्राइव्ह खराब झालेला नसतो, त्यावर फक्त निराळे विभाग पाडलेले असतात. विंडोजच्या आज्ञा-खिडकीत ‘डिस्कपार्ट’ उघडून डिस्कची यादी पाहावी, आकारावरून पेन ड्राइव्ह ओळखून तो निवडावा, ‘क्लीन’ द्यावे आणि नवा विभाग पाडून फॉरमॅट करावे. चुकीचा क्रमांक निवडला तर दुसरीच डिस्क क्षणात पुसली जाऊ शकते, म्हणून त्या वेळी बाकीची सर्व बाह्य साधने काढून ठेवावीत आणि क्रमांक दोनदा वाचावा.

बिघाड पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी पुरल्या. चारही संगणकांना यूपीएस बसवून त्यांच्या बॅटऱ्या पावसाळ्यापूर्वी तपासून घेतो, आणि फास्ट स्टार्टअप बंद ठेवतो. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवून एकच प्रत तेथे साठवू नये, कारण त्यातील विद्युतभार वीज नसताना हळूहळू झिरपत जातो आणि वर्षानुवर्षे पडून असलेला पेन ड्राइव्ह वाचला जाईलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी, जून आणि डिसेंबरमध्ये, मी तो लावून प्रत्येक प्रणाली एकदा सुरू करून पाहतो आणि फाइल नव्याने उतरवतो.

ग्रंथालयाच्या कपाटात तो पेन ड्राइव्ह आता एका लिफाफ्यात असतो. लिफाफ्यात विंडोज असलेल्या संगणकांच्या बिटलॉकर चाव्या आहेत आणि वर प्रत्येक संगणकाची निवडीची कळ लिहिलेली आहे. त्याखाली ग्रंथपालांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे: ‘दुकानात नेण्यापूर्वी आधी सूची उतरवा.’